छपरावर वीज, घरात अंधार



पंचायत समितीच्या नोकरीत माझी अठ्ठावीस वर्षे झाली. बियाणे, खते, हुमणी, लष्करी अळी अशा विषयांवर बोलायला मी गावोगाव फिरतो. पण अलीकडे सभा संपून पारावर चहा आला की हमखास एकच प्रश्न निघतो. "साहेब, ते सोलर घरावर बसवावं का?" पूर्वी मी एका शब्दात सांगत असे, "बसवा." आता तसे सांगत नाही. का सांगत नाही, ते तुम्हाला कळावे म्हणून माझ्या धाकट्या बहिणीच्या घरची हकीकत इथे मांडतो. तिथे जे चुकले ते माझ्या सल्ल्याने चुकले.

बहीण पारनेर तालुक्यात दिली आहे. पाऊस बेताचा, माळ उघडा, आणि पावसाळा सोडला तर आभाळ बहुतेक स्वच्छ. उन्हाला तोटा नाही. विजेला मात्र आहे, कारण वस्ती लाइनच्या अगदी टोकाला. घरात सात माणसे, गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. २०२४च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली तेव्हा मीच फोन करून म्हटले, "आता मागे राहू नका." दाजींचे मन होत नव्हते. बहिणीने दुधाच्या पैशांतून बाजूला ठेवलेले सत्तर हजार पुढे केले. अनुदानाचे साठ हजार मागाहून खात्यात येणार होते, तोवर तेवढे पतसंस्थेतून उचलले. दिवाळीच्या आधी स्लॅबवर दोन किलोवॉटचा संच उभा राहिला. तिची अट एकच होती. "दादा, काय बसवायचं ते बसवा, पण माझ्या कुरडया-पापडांची जागा सोडा." बसवायला आलेली पोरे हसली. ती अट किती शहाणपणाची होती ते पुढे सांगतो.

पहिले सहा महिने सगळे झकास होते. आधी महिन्याला १६५-१७० युनिटे जळत, आता बिलात स्थिर आकार आणि किरकोळ रकमा एवढेच दिसू लागले. (स्थिर आकार कोणालाच सुटत नाही, हे लक्षात ठेवा. 'शून्य बिल' म्हणणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा.) दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला बिल दाखवू लागले, आणि मलाही आपण मोठे काम केले असे वाटू लागले.

मग २०२५चा मे आला. त्या वर्षी वळवाने कसा धुमाकूळ घातला ते तुम्हाला आठवत असेल. एका संध्याकाळी लाइनवर बाभूळ पडली, दोन खांब आडवे झाले, डीपी जळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख पडले. स्लॅबवर चारही पॅनेल चमकत होते आणि घरात एक दिवा लागत नव्हता. भाच्याचा फोन आला, "मामा, ऊन तर पडलंय, मग वीज का नाही?" मी कृषी पदवीधर माणूस, पण मला उत्तर देता आले नाही. "बटणं तपासून बघ," म्हणालो. शेवटी संच बसवणाऱ्यालाच विचारले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, लाइन नसली की हे बंदच राहतं. बॅटरीचं तुम्ही मागितलंच नव्हतं." त्याचेही खरे होते. मी विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते.

वीज यायला अकरा दिवस लागले. चौथ्या रात्री थोरली म्हैस व्यायला लागली आणि पारडू आडवे आले. जनावरांचे डॉक्टर आले, पण घरातले दोन मोबाइल बंद पडलेले, तिसऱ्याच्या उजेडात त्यांनी पहाटेपर्यंत खटपट केली. म्हैस वाचली, पारडू गेले. उजेड असता तर ते वाचले असते असे मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. बहिणीने तर मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच मला जास्त लागले.

लाइन गेली की संच का थांबतो

हे कारण नीट समजून घ्या, कारण विकणारे बहुतेक जण ते सांगत नाहीत. पॅनेलमधून निघणारी वीज एका दिशेने वाहते, बॅटरीतल्या विजेसारखी. घरातली वीज मात्र सेकंदाला पन्नास फेरे मागेपुढे करते. एकीची दुसरी करून देणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. सरकारी अनुदानात बसतात त्या साध्या संचांचा इन्व्हर्टर स्वतःच्या अकलेने चालत नाही. नवा गोऱ्हा जसा जाणत्या बैलाच्या पावलावर पाऊल टाकून औत ओढतो, तसा तो खांबावरून येणाऱ्या विजेच्या ठेक्यावर चालतो. जाणता बैल बसला की गोऱ्हाही थांबतो. लाइनचे व्होल्टेज मर्यादेबाहेर चढले किंवा उतरले तरी तो थांबतो. टोकाच्या वस्त्यांवर हे वरचेवर होते.

हा यंत्राचा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. लाइन बंद करून वायरमन खांबावर चढला आहे आणि तुमच्या स्लॅबवरची वीज उलटी तारेत शिरली, तर काय होईल याचा विचार करा. तो जीव वाचावा म्हणून हा नियम आहे. त्यात कोणी 'जुगाड' करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

म्हणजे मुळात प्रश्न असा पडतो, की तुम्हाला सोलर कशासाठी हवे? बिल कमी व्हावे म्हणून, की अंधार जावा म्हणून? या दोन गोष्टींची यंत्रे वेगवेगळी आहेत. बिलासाठी लाइनला जोडलेला, बॅटरीविना संच. त्याला नेट मीटर बसते, दिवसा जास्त झालेली वीज लाइनवर जाते आणि रात्री वापरलेली त्यातून वळती होते. अंधारासाठी बॅटरी लागते. दोन्ही एकत्र करणारा 'हायब्रीड' इन्व्हर्टरही मिळतो, पण तो आणि त्याची बॅटरी महाग पडते, आणि बॅटरीसाठी या योजनेत वेगळे अनुदान नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातले मोढेरा २०२२च्या ऑक्टोबरात चोवीस तास सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तिथे घरे व सरकारी इमारती मिळून १,३००हून अधिक छपरांवर एकेक किलोवॉटचे संच आहेत, पण चोवीस तासांची भिस्त जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पावर आणि बॅटऱ्यांच्या साठ्यावर आहे. आपल्याकडे २०२४ साली पाटण तालुक्यातली मान्याची वाडी राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. अशा गावांची नावे ऐकून हुरूप येतो, यायलाच हवा, पण आपल्या घराचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

आधी वही, मग पॅनेल

तो हिशेब मी बहिणीच्या घरी उशिरा केला. वस्तूवर लिहिलेले वॉट आणि रोजचे तास यांचा गुणाकार करा, आणि सगळ्यांची बेरीज करून हजाराने भागा. झाली रोजची युनिटे.

तिच्याकडे नऊ वॉटचे सहा दिवे, रोज पाच तास. हे झाले २७० वॉट-तास, म्हणजे पाव युनिटाच्या थोडे वर. जुने पंखे तीन, प्रत्येकी ७५ वॉटचे, आठ तास चालतात. त्यांचे १,८०० वॉट-तास, म्हणजे जवळजवळ दोन युनिटे! दिवे बिचारे बदनाम, खाणारे पंखे. टीव्हीचे पाव युनिट, फ्रिजचे सव्वा, मिक्सरचे नगण्य, पाणी चढवायची एक अश्वशक्तीची मोटार अर्धा तास चालली की अर्धे युनिट, मोबाइल तर धर्तीतच नाहीत. एकूण चार युनिटांच्या थोडे वर. आणि त्यावर पाणी तापवायचा रॉड, १,५०० वॉटचा, रोज तासभर. तो एकटाच दीड युनिट खात होता.

आता दुसरी बाजू बघा. आपल्या भागात एक किलोवॉटचा संच स्वच्छ दिवशी साधारण चार युनिटे देतो, वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला ११० ते १२० युनिटे. बहिणीच्या घरात तिन्ही पंखे कमी वीज घेणारे, तीस वॉटच्या आसपासचे बीएलडीसी बसवले असते आणि रॉड काढून टाकला असता, तर तिची रोजची गरज तीन युनिटांवर आली असती. महिन्याला पंचाण्णवच्या आत. एक किलोवॉट पुरला असता. मी वहीत काही न मांडता "दोन घ्या" म्हणालो. वाचलेल्या पैशांत बॅटरी येऊन गेली असती.

इथे आणखी एक सांगतो, विक्रेते सांगणार नाहीत. पहिल्या शंभर युनिटांचा दर सगळ्यांत कमी असतो, त्यापुढे तो चांगलाच चढतो. ज्या घरात साठ-सत्तर युनिटेच जळतात, तिथे बॅटरीविना संचाचे पैसे फिटायला बराच काळ जातो. अशा घराने बिलासाठी घाई करू नये. उजेडासाठी छोटा संच घ्यावा. आणि 'जादा वीज विकून कमवा' या बोलण्यावर भुलू नका. आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना जो मोबदला मिळतो, तो आपण मोजतो त्या दराच्या मानाने बराच कमी असतो.

पाणी तापवण्याबद्दल मुद्दाम लिहितो, कारण हा भार घरधनिणीच्या डोक्यावर असतो, कधी खरोखरच सरपणाच्या मोळीच्या रूपाने. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला सुमारे साडेचार युनिटे लागतात. म्हणजे बहिणीच्या घरातले दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही, मोटार या सगळ्यांना मिळून लागते त्याहूनही जास्त! उन्हातून वीज करायची आणि त्या विजेने परत पाणी तापवायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? काचेच्या नळ्यांचा सौर बंब घ्या, तो उन्हाने सरळ पाणीच तापवतो. पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूर डोळ्यांत जायचा थांबतो. फक्त बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात, वर्षातून एकदा त्या उतरवून धुवाव्या लागतात. पावसाळ्यातल्या झडीत जुना बंब लागतोच, तेव्हा तो भंगारात घालू नका.

सौर चुलीची मात्र मी शिफारस करत नाही. १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे वेगळे खाते निघाले, त्यानंतरच्या वर्षांत सवलतीत मिळणारी, झाकणाला आरसा असलेली पेटी आमच्याही घरी आली होती. डाळ, भात, शेंगा त्यात छान शिजत, दोन-तीन तास लागत. पण पेटीचे तोंड उन्हाप्रमाणे फिरवत बसायचे कोणी? आई सकाळी रानात जायची. शिवाय भाकरी त्यात होत नाही, आणि भाकरीविना आमचे जेवण नाही. शेवटी त्या पेटीत एक तलंग अंड्यांवर बसली आणि बारा पिल्ले निघाली. तेवढा उपयोग झाला.

छपराची गोष्ट

एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, आणि तिच्यावर सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत सावली नको. नारळाची झावळी, पाण्याची टाकी, शेजाऱ्याचा मजला, काहीही चालत नाही. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात. पाटात एका जागी ढेकूळ पडले की पुढच्या वाफ्यांना पाणी कमी पोचते, तसे एकावर सावली आली की सगळ्यांचे उत्पन्न घटू शकते. माझी बहीण वाळवणाची जागा सोडा म्हणाली ती याचसाठी शहाणपणाची. नाहीतर चैत्रात तिने दोरीवर गोधड्या टाकल्या असत्या आणि त्यांची सावली पॅनेलवर आली असती.

तोंड दक्षिणेकडे, उतार पंधरा ते वीस अंश. घर पत्र्याचे असेल तर सांगाडा नुसत्या पत्र्याला आवळू देऊ नका, पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना आवळायला लावा. वळवाचा वारा पत्र्यासकट पॅनेल नेतो. पॅनेलची बाजू, घराची बाजू आणि वीजरोधक यांचे आर्थिंग वेगवेगळे, तीन खड्ड्यांत झाले का ते स्वतः उभे राहून पाहा. इथे कोळसा-मिठाचे पैसे वाचवणारे बरेच भेटतात.

मे महिन्यात वीज सर्वांत जास्त मिळेल असा आपला समज असतो. तसे होत नाही. ऊन हवे, ताप नको. पंचवीस अंशांच्या वर पॅनेल जितके तापेल तितके उत्पन्न दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते, आणि वैशाखात पॅनेल साठ अंशांच्या वर सहज जाते. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवू नये, खालून वारा खेळू द्यावा. धूळ पंधरा दिवसांनी धुवावी, बाजरीची मळणी जवळ झाली तर लगेच. धुणे पहाटे, पॅनेल थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पाणी गोडे, फडके मऊ. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग धरतात आणि ते सहज निघत नाहीत. आणि घरात गोफण फिरवणारी पोरे असतील तर त्यांना आधीच समज द्या. शेजारच्या वाडीत पोपट हाकलताना एक काच तडकली आहे.

पैशांचे थोडक्यात सांगतो. सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. ते संच चालू होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या खात्यात जमा होते, म्हणून तोवरची तजवीज आधी करावी. बँका यासाठी विनातारण कर्ज देतात. पतसंस्थेच्या व्याजात पडण्याआधी बँकेत विचारा, आम्ही विचारले नाही. विक्रेता योजनेत नोंदलेला हवा, पॅनेलमधले सेल देशात बनलेले हवेत, आणि पाच वर्षे देखभाल त्याने करायची असते. हे कागदावर घ्या. शेतातल्या सौर पंपाच्या पॅनेलवरून घराला तार ओढायची कल्पना काही जण काढतात. तो संच मोटारीसाठी केलेला असतो, घराला जोडू नका.

बहिणीच्या घरी आम्ही पुढे काय केले ते सांगतो. हायब्रीड इन्व्हर्टरचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा गोठ्याच्या छपरावर ३३० वॉटचे एक वेगळे पॅनेल, चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर असा संच केला. खर्च तीस हजारांच्या आसपास आला, त्यातला निम्मा मी दिला. त्याच्या तारा घरातल्या तारांपासून पूर्ण वेगळ्या ओढल्या. स्वयंपाकघर, माजघर, पडवी, गोठा इथे एकेक दिवा, एक कमी विजेचा पंखा, आणि मोबाइलची जागा. बॅटरीत भरलेली असताना १,८०० वॉट-तास असतात, पण निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. चार दिवे पाच तास आणि पंखा आठ तास चालवून मोबाइल भरले तरी पाचशेच्या आत लागते. एक रात्र आणि पुढचा ढगाळ दिवस निघतो. बॅटरी रोज तळापर्यंत खाली केली तर दोन वर्षांत मरते, जपली तर चार-पाच वर्षे जाते. तिच्यात नळाचे पाणी घालू नये, डिस्टिल्ड वॉटरच घालावे. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून चुलीजवळ किंवा कोंदट खोलीत ठेवू नये. त्या संचावर इस्त्री, मिक्सर, कडबा कुट्टी यांतले काहीही लावायचे नाही, हे भाच्याने खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवले आहे. दाजींनी एकदा कुट्टी लावून बघितलीच. इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला.

भाचा आता दहावीला आहे. मोठ्या संचाच्या इन्व्हर्टरवर दिवसाची युनिटे दिसतात, ती तो रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहितो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मी ती पाने चाळली. माघातल्या चौकटींत बहुतेक आठ-साडेआठ आहेत. वैशाखात ऊन कडक असून साडेसात. एका आठवड्यात आकडा अचानक सहावर उतरलेला दिसतो, त्यापुढे लिहिले आहे, 'धूळ. धुतले.' आषाढातल्या एका चौकटीत १.१ आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'दिवसभर झड. गोठ्यातला दिवा लागला.'